वाचक विचारतात : गॅस ट्यूब असूनही रिसीव्हर बहिरा कसा झाला?

प्रश्न : मी हॅम रेडिओवाला. गच्चीवर 40 मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकाराचा तारेचा अँटेना) आहे, ट्रान्समीटर 100 वॅटचा. शेजारच्या इन्व्हर्टरची खरखर टाळायला त्यापासून दहा मीटर अंतरावर ऐकण्यासाठी वेगळी तारेची लूप लावून ती एसडीआरला (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रिसीव्हरला) जोडली, विजेच्या झटक्यापासून वाचवणारी 90 व्होल्टची गॅस ट्यूबही बसवली. तरी एसडीआरला आता दूरची स्टेशनं ऐकू येत नाहीत. वीज तर पडली नाही. मग काय झालं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बहुधा तुमच्याच ट्रान्समीटरनं घात केला. दोन अँटेनांमध्ये 20 डेसिबलची घट धरली तरी 100 वॅटमधला 1 वॅट लूपच्या केबलमध्ये उतरतो. 50 ओहमवर हे 10 व्होल्ट शिखर. एसडीआरला काही मिलिवॅटच जड जातात. गॅस ट्यूबला मात्र या 10 व्होल्टची दखलही नसते. ती वळवाच्या ढगांसाठी आहे, असू द्या.

आधी मोजा. एसडीआर काढून केबलच्या टोकाला 100 ओहमचे दोन रेझिस्टर समांतर लावा, 5 वॅटवर कॅरियर (नुसती अखंड लहर) सोडा आणि ऑसिलोस्कोपवरचं शिखर व्होल्टेज 4.5 ने गुणा. तो झाला 100 वॅटचा आकडा. वापरता त्या प्रत्येक बँडवर मोजा.

खरा उपाय रिले, म्हणजे कॉइलनं चालणारा स्विच. तो ऐकताना ओढलेला आणि पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबताच सुटलेला हवा. सुटला की लूप तुटावी आणि एसडीआरचं टोक ग्राउंडला जावं. लाइट गेली तरी संरक्षण राहतं. 12 व्होल्टच्या छोट्या सिग्नल रिलेला बीसी547 ट्रान्झिस्टर पुरतो : बेसला 12 व्होल्टकडून 4.7 किलोओहम, आणि पीटीटीची ओळ बेसला ग्राउंड करते. कॉइलवर नुसता 1एन4007 डायोड लावला तर रिले सुटायला उशीर होतो, म्हणून त्याच्याशी 15 व्होल्टचा झेनर उलट्या दिशेनं सिरीजमध्ये जोडा. ट्रान्समीटरच्या मेनूत टीएक्स डिले (पीटीटीनंतर प्रक्षेपण सुरू होण्याआधीचा विलंब) 10 ते 15 मिलिसेकंद ठेवा, नाहीतर रिले सुटायच्या आधीच पहिला ठोका एसडीआरच्या आत जातो.

रिलेनंतर, एसडीआरच्या बाजूला, सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये उलटसुलट 1एन4148 डायोड लावा, प्रत्येक दिशेला सिरीजमध्ये दोन-दोन. एकेकच लावला तर मीडियम वेव्हच्या जोरदार केंद्रामुळे डायोडच मिक्सर बनतात आणि भलत्याच जागी भुतं, म्हणजे खोटी स्टेशनं, ऐकू येतात. तरीही आली तर डायोडच्या आधी मीडियम वेव्ह अडवणारा हायपास फिल्टर घाला.

प्रश्न : बोलताना एसडीआर बंद ठेवला तर भागेल?

उत्तर : नाही. बंद असला तरी आतला पहिला ट्रान्झिस्टर अँटेनालाच जोडलेला असतो.

प्रश्न : लूपच्या खांबावर प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) असेल तर?

उत्तर : मग खालचा रिले त्याला वाचवत नाही. लूप आणि प्रीॲम्पच्या मध्ये वरच दुसरा रिले लागेल. नुसता सप्लाय तोडून भागत नाही.