रानमांस प्रथमच शिजवताना

कायद्याने परवानगी असलेल्या शिकारीचे मांस आपल्या हाती आले असेल, तर सुरुवात हरणाच्या पाठकण्यालगतच्या लांब, मऊ पट्ट्यापासून करावी. चवीत त्याची बरोबरी दुसरे कोणतेही रानमांस करत नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्या उग्र वासाला नवखे लोक बिचकतात, तो बहुधा जनावर थंड करण्यात झालेल्या दिरंगाईमुळे आणि मांसावर राहून गेलेल्या चरबीमुळे येतो. म्हणून मांस शक्य तितक्या लवकर ४ अंश सेल्सिअसच्या खाली न्यावे, आणि पांढरी चरबी व वरचा चकचकीत पापुद्रा धारदार सुरीने निगुतीने सोलून काढावा. त्यानंतर मीठ लावून ते जाड, कडक तापलेल्या तव्यावर सर्व बाजूंनी परतावे, आतले तापमान ६० अंशांजवळ येताच उतरवावे आणि थोडा वेळ झाकून ठेवावे. चरबी नसल्यामुळे हे मांस जास्त शिजले की लगेच कोरडे होते. खांदा व मांडी मात्र मंद आचेवर, रसात, कित्येक तास शिजू द्यावी.

रानडुकराचे मांस गोडसर आणि भरदार लागते, परंतु त्यात ट्रायकिनेला नावाचे कृमी असू शकतात. गोठवल्याने ते सर्व मरतातच असे नाही, त्यामुळे हे मांस आतपर्यंत ७१ अंश तापले पाहिजे. येथे तडजोड मुळीच नको. ससा सोलताना हातमोजे घालावेत, आणि तोही पूर्ण शिजवूनच खावा.