गुडघ्यातलं इंजेक्शन : कधी, किती आणि कशासाठी?

प्रश्न : आई ६४ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा फार दुखतो आणि सुजतो. डॉक्टर स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ म्हणतात. तिला मधुमेह आहे. शेजारचे म्हणतात, स्टिरॉइड नको, ‘पीआरपी’ घ्या. काय करावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : सूज असलेल्या गुडघ्याला स्टिरॉइडने बहुधा आराम पडतो, पण तो काही आठवड्यांचाच. साधारणपणे ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड, ४० मिलिग्रॅम, भूल देणाऱ्या लिग्नोकेनसोबत सांध्यात सोडतात. त्याच दिवशी बरं वाटलं तर तो लिग्नोकेनचा गुण. संध्याकाळी दुखणं परत आलं की ‘इंजेक्शन फुकट गेलं’ असं समजू नका. स्टिरॉइडचा परिणाम दिसायला दोन दिवस ते आठवडा लागतो. काहींचा गुडघा पहिले एक-दोन दिवस उलट जास्त ठणकतो. तेव्हा बर्फाचा शेक द्यावा.

आईंची साखर मात्र वाढेल. म्हणून आठवडाभर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजा, आकडे लिहून ठेवा. गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा डोस स्वतःहून बदलू नका. साखर आधीच हाताबाहेर असेल, ताप असेल किंवा गुडघ्यावर जखम असेल तर इंजेक्शन पुढे ढकला.

एकाच सांध्यात पुन्हा टोचायचं तर किमान तीन महिन्यांचं अंतर हवं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १४० रुग्णांपैकी काहींना दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन दिलं, बाकीच्यांना नुसतं सलाइन. स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) जास्त झिजली आणि दुखण्यात म्हणावा असा फरक नव्हता. सांधा बदलायचं ठरत असेल तर आधीचे तीन महिने इंजेक्शन टाळा, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

पीआरपी म्हणजे स्वतःचंच रक्त यंत्रात गरगर फिरवून वेगळा काढलेला प्लेटलेट्सचा भाग. खर्च मोठा, खात्री कमी. २०२१ च्या ऑस्ट्रेलियातल्या २८८ जणांच्या चाचणीत वर्षभरानंतर ते सलाइनपेक्षा सरस ठरलं नाही. आईंसाठी आम्ही आधी ते सुचवणार नाही.

दुखणं कमी असलेले हे आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वापरा, हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबायची, दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिले दोन दिवस मात्र विश्रांती.

इंजेक्शननंतर ताप आला, गुडघा लाल-गरम होऊन फुगत चालला किंवा पाय टेकवेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : कोपराच्या बाहेरच्या बाजूला चार महिने दुखतंय, टेनिस एल्बो म्हणतात. इंजेक्शन घेऊ? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शक्यतो नको. सहा आठवड्यांपर्यंत छान वाटतं, पण वर्षभरानं पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेलेच बहुधा बरे असतात. शिवाय तिथली कातडी पांढरी पडू शकते, खळगा पडू शकतो. त्याऐवजी हात टेबलावर पालथा ठेवून मनगट कडेबाहेर काढा, मुठीत अर्धा किलोचं वजन धरा. मनगट दुसऱ्या हाताने वर उचला आणि चार सेकंदांत हळूहळू खाली सोडा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, रोज. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात.