‘बघ ना आजी, सरळच आहे!’

“मॅडम, सहा वर्षांचा झाला तरी जवळजवळ सगळी अक्षरं उलटी काढतो. डिस्लेक्सिया असेल का हो?”

फोन बंगळुरूहून होता. आई-वडील दोघं नोकरीला, मुलगा तिथल्या इंग्रजी शाळेत पहिलीला. त्याला आपण इथे मनू म्हणू. मराठी वाचता यावं म्हणून कराडची आजी रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉलवर त्याची शिकवणी घ्यायची. आजी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त बाई, बरीच वर्षं पहिलीचाच वर्ग सांभाळलेल्या. त्यांनीच सुनेला सांगितलं होतं, “इतकी पोरं शिकवली, पण असं पाहिलं नाही. याला कुणाला तरी दाखवून घे.” सुनेच्या मनात आणखी एक शंका होती. पडद्यावरून शिकवून मुलाला मुळात वाचन येतं का? की उगाच त्याचा आणि आईंचा जीव काढतोय आपण?

हे दोन्ही प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतात. पहिल्याचं उत्तर तरी फोनवरच देता आलं. पाच-सहा वर्षांची बरीच मुलं अधूनमधून अक्षरं उलटी काढतात. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. डोळ्यांना ही सवय जन्मापासूनची. अक्षराचं तसं नसतं, आणि हे मुलाला सरावानेच कळतं. डिस्लेक्सिया म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातली अडचण, अध्ययन अक्षमतेचाच एक प्रकार. अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, पण तिचं प्रमाणपत्रसुद्धा वयाची ८ वर्षं पूर्ण होण्याआधी देत नाहीत. सहाव्या वर्षी उलट्या अक्षरांवरून मुलावर शिक्का मारणं मला मुळीच मान्य नाही. डोळे आणि कान मात्र तपासून घ्या म्हटलं. ते आधीच झालं होतं, दोन्ही ठीक.

तरीही ‘जवळजवळ सगळी’ हा शब्द मनात राहिला. अधूनमधून उलटं काढणं वेगळं आणि सगळंच उलटं काढणं वेगळं. मी आईला मनूच्या वहीचे आणि पाटीचे फोटो पाठवायला सांगितले. दुपारी एकट्याने लिहिलेल्या मराठीच्या वहीत एक-दोन अक्षरं सोडली तर सगळं सरळ होतं. संध्याकाळच्या पाटीवर मात्र सगळं उलटं. मूल तेच, अक्षरं तीच. दोष मुलात असता तर वहीत नसता का दिसला?

म्हणून एका संध्याकाळी आईला म्हटलं, तुमचा फोन मनूच्या पाठीमागे कपाटावर ठेवा, मला त्याच्या खांद्यावरून पाहू दे.

आजी म्हणाल्या, “लिही राजा, किडा.” मनूने पाटीवर छान सरळ ‘किडा’ लिहिलं आणि पाटी कॅमेऱ्यासमोर धरली. पण त्याची नजर आजीकडे नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या छोट्या चौकटीत तो पाटी बघत होता. लगेच बाहीने पुसून त्याने पुन्हा लिहिलं, या खेपेला सावकाश, चौकटीत बघत बघत. आता शब्द उजवीकडून सुरू झाला होता, काना डावीकडे आला होता आणि वेलांटी पलीकडच्या अंगाला गेली होती.

“परत उलटं! नीट बघ की रे.”

“बघ ना आजी, सरळच आहे!”

“मला खोटं नाही चालायचं हं, मनू.”

मनू रडायला लागला. त्याच्या पाठीमागून मला मात्र त्याची चौकट दिसत होती. तिच्यात ‘किडा’ अगदी सरळ होता.

व्हिडिओ कॉलवर आपलं स्वतःचं चित्र बहुधा आरशासारखं दिसतं, समोरच्याला ते सरळ दिसतं. मोठ्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही. पण नुकतं वाचायला लागलेल्या मुलाची केवढी पंचाईत होते बघा! त्यातून आपली लिपी अशी, की पहिली वेलांटी आरशात दुसरीच्या जागी जाते आणि दुसरी पहिलीच्या. आजी म्हणते उलटं आणि समोर दिसतंय सरळ. मनू त्याला दिसत होतं तेच सांगत होता आणि त्याबद्दल रोज बोलणी खात होता.

रात्री मी बाईंना फोन केला. ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पोर खरं बोलत होतं.”

“हो, बाई.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिकवणीच घेतली नाही. फोन लावून नातवाला एवढंच सांगितलं, “माझं चुकलं रे.” शिक्षिका म्हणून त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटला.

मनूची स्वतःची चौकट लपवून टाकली आणि पाटीचा प्रश्न आठवड्याभरात मिटला. मला खरी काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची. मनू धडा घडाघडा म्हणायचा, पण “तिसऱ्या ओळीतला दुसरा शब्द कुठला?” विचारलं की गप्प. धडा त्याला पाठ होता. आजी पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरायच्या, त्यांचं बोट कुठल्या शब्दाखाली आहे ते मनूला धड दिसत नव्हतं, आवाज क्षणभर उशिरा पोचत होता. मग डोळ्यांऐवजी कानानेच शिकणं चाललं होतं.

मग तेच पुस्तक बंगळुरूलाही मागवलं. फोन डब्यांच्या चळतीवर असा टेकवला, की आजीला मनूचं पान आणि मनूचं बोट दिसेल. आता आजी शब्द सांगणार आणि मनू तो पानावर शोधून त्यावर बोट ठेवणार. अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटं. एक गोष्ट बाईंना जड गेली. मनू ‘चूल’मधला च ‘चहा’तल्यासारखा म्हणायचा, आणि त्या प्रत्येक वेळी मधेच थांबवायच्या. मी म्हटलं, वाक्य पुरं होऊ द्या, मग सांगा.

सुनेच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ असंच आहे. एक मूल, त्याचं वाचन कान देऊन ऐकणारं एक मोठं माणूस आणि सुरुवातीला पान लावून द्यायला शेजारी कुणीतरी, एवढं असलं तर पडद्यावरूनही वाचन येतं. पंचवीस-तीस मुलं आवाज बंद करून बसवलेल्या तासाबद्दल मी तसं म्हणणार नाही. तिथे आपलं मूल चुकीचं वाचतंय हे कुणालाच ऐकू येत नाही.

तीन महिन्यांनी आईने मला एक रेकॉर्डिंग पाठवलं. आजीने टपालाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र पाठवलं होतं. ते मनूने पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता. अडखळत, एकेका शब्दाखाली बोट सरकवत तो वाचत होता: “खिडकीत चिमणी आली. तिला मी तांदूळ टाकले.”

तिथे तो थांबला. मग पडद्याकडे बघून त्याने विचारलं, “आजी, सगळे खाल्ले का तिने?”