शिकारीचा सीझन कधी असतो विचारतोयस, आधी हे वाच

भावा, पहिली गोष्ट, आपल्याकडे शिकारीला सीझन नसतोच. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, बारा महिने बंदी. परदेशातले व्हिडिओ बघून निफाडच्या मळ्यात बॅटरी घेऊन ससे शोधत फिरू नकोस, गावातले चार जण करतात म्हणून तर अजिबात नको.

ससा, तितर मारला तरी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मोर, बिबट्या म्हणजे अनुसूची १, कायद्यातली सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी, तिथे कमीत कमी ३ वर्षे, जास्तीत जास्त ७ आणि वर २५ हजारांच्या खाली नाही असा दंड. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे साधं बदक मारलं तरी हेच ३ ते ७ लागतं, आणि जामीनही सहज मिळत नाही.

आणि गोळी घातली तरच शिकार असं नाही हं, फासे लावणं, जाळं टाकणं, अंडी फोडणं सगळं शिकारीतच येतं. मी एकदा बांधावर नायलॉनच्या फाशात अडकलेली तितर सोडवली होती, दोरा पायात हाडापर्यंत गेलेला, हातात धरली तर छाती नुसती धडधडत होती, अजून विसरलो नाही.

पकडला गेलास तर बाईक पण जप्त होते, गुन्हा सिद्ध झाला की ती सरकारजमा. फक्त रानातल्या प्राण्याचं मटण घरी सापडलं तरी ते कायदेशीर आहे हे तुलाच सिद्ध करावं लागतं.

रानडुक्कर पिकात घुसत असेल तर स्वतः काही करू नको, वनविभागाला १९२६ वर फोन कर, पंचनामा झाला की भरपाईचा अर्ज करता येतो. आणि थंडीत अभयारण्याजवळ चापडगावला पक्षी बघायला ये, दुर्बीण माझ्याकडे आहे.