जुन्या चित्रपटांच्या डिस्कवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात. डिस्क सदोष आहे का? झूम केलं तर चालेल का?

डिस्क परत करू नका, ती अगदी बरोबर आहे. १९४०च्या दशकातला चित्रपट लावला की पट्टे दिसतात आणि मुलगा रिमोटवरून झूम करून देतो, असं तुम्ही लिहिलंय. ते झूम मात्र आजच बंद करा.

बोलपट आले तेव्हा फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी आली आणि चित्राची जागा अरुंद झाली. मग १९३२ साली हॉलिवूडच्या अकादमीने वरखालीही थोडं कमी करून चौकट ठरवून दिली : उंची १, तर रुंदी १.३७. पुढची वीसेक वर्षं जगभर साधारण हाच आकार चालला. प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’सुद्धा असाच, जवळजवळ चौकोनी. तुमच्या टीव्हीची रुंदी उंचीच्या १.७८ पट आहे, म्हणून बाजूला जागा उरणारच. ती भरायची तर चित्र ताणावं लागतं, मग टांग्याचं चाक लंबगोल दिसतं. झूम केलंत तर वरखालून जवळजवळ पाव चित्र जातं. बोलणाऱ्याचं कपाळ जातं, नाचणारीचे पाय जातात. कॅमेरामनने ते पाय दिसावेत म्हणूनच कॅमेरा तिथे लावलेला असतो!

व्हीएचएस कॅसेटच्या काळात याच्या उलट व्हायचं. १९५३ साली ‘द रोब’ सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीत आला, आपल्याकडे १९५९ साली गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’. हे रुंद चित्रपट तेव्हाच्या चौकोनी (१.३३) टीव्हीत बसवताना चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र कापलं जाई. लहानपणी भाड्याने आणलेल्या एका कॅसेटवर दोन माणसांच्या भांडणाचा प्रसंग होता. बोलणारा एक दिसायचा, ऐकणारा गायब. मला वाटलं तो माणूस एकटाच बडबडतोय. पुढे तोच चित्रपट थिएटरात पाहिला तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा दिसला, आणि प्रसंगाचा सगळा जीव त्या चेहऱ्यात होता.

एकाच चित्रपटाच्या दोन डिस्कवर दोन आकार का, हा तुमचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. १९५३नंतर बरेच चित्रपट पूर्ण चौकटीत चित्रित होत, पण थिएटरात प्रोजेक्टरवर वरखाली झाकून रुंद दाखवले जात. अशा चित्रपटाची चौकोनी डिस्क काढली तर तिच्यात थिएटरपेक्षा जास्त चित्र दिसतं, पण त्यातलं काही प्रेक्षकांनी पाहावं असं दिग्दर्शकाच्या मनात नसतंच. कधीकधी वर लोंबणारा माइकही दिसतो. म्हणून ‘जास्त चित्र म्हणजे चांगली डिस्क’ हे मला पटत नाही.

काही ठिकाणी मात्र एकच उत्तर नसतं. १९५४चा ‘ऑन द वॉटरफ्रंट’ चौकोनी ते रुंद या बदलाच्या ऐन मध्यावर आला. कुठल्या थिएटरात कसा पडदा असेल याचा भरवसा नव्हता. क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने २०१३ साली तो ब्लू-रेवर काढला तेव्हा १.३३, १.६६ आणि १.८५ असे तिन्ही आकार दिले. माझ्या मते तिथे तेच प्रामाणिक होतं.

‘बॅरी लिंडन’चं तसं नाही. २०११ची ब्लू-रे १.७८ मध्ये आली आणि चाहत्यांत वाद पेटला. मग दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी डिसेंबर १९७५मध्ये प्रोजेक्टर चालवणाऱ्यांसाठी लिहिलेलं पत्र पुढे आलं. चित्रपट १.६६ मध्ये चित्रित केलाय, त्याच आकारात दाखवा, आणि काही झालं तरी १.७५च्या पलीकडे रुंद करू नका, असं त्यात स्पष्ट होतं. २०१७च्या क्रायटेरियन आवृत्तीत १.६६ आलं.

तेव्हा तुमच्या दोन डिस्कच्या वेष्टनांवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात गुणोत्तर छापलेलं असेल, ते आधी वाचा. चित्रपट १९५३च्या आधीचा असेल तर १.३३ किंवा १.३७ असलेली डिस्क ठेवा. नंतरचा असेल तर थिएटरात तो कोणत्या आकारात लागला होता ते शोधा आणि त्याच्याशी जुळणारी ठेवा. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये झूम आणि वाइड दोन्ही टाळा. खात्री करायची असेल तर पडद्यावर एखादी थाळी किंवा चाक समोरून दिसेल तिथे थांबवा आणि पट्टीने उभं-आडवं मोजा; दोन्ही सारखं आलं तर चित्र ताणलेलं नाही.