टोमॅटोची झाडं हिरवीगार असतानाच मान टाकतात, मर रोगाच्या जिवाणूवर एवढं संशोधन होऊनही औषध का नाही?

तुम्ही लिहिलंय की सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी मान टाकतंय, तीन वेळा औषध मारलं तरी रोज दहाबारा झाडं जातायत, मग हे संशोधनवाले इतकी वर्षं करतायत तरी काय. राग बरोबर आहे ओ. मी त्या 'करतायत काय'वाल्यांपैकीच एक, एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचा प्रोजेक्ट याच जिवाणूवर केला, आणि घरचं रान करवीर तालुक्यात असल्यामुळं मर पण घरचीच बघितलीय.

पहिल्यांदा दुकानात जायचं थांबवा आणि काचेचा ग्लास घ्या. मर एकाच कारणानं होत नाही. बुरशीची (फ्युजेरियम) मर असेल तर खालची पानं आधी पिवळी पडतात, कधी झाडाची एकच बाजू, आणि सगळं सावकाश चालतं. जिवाणूची मर म्हणजे पान पिवळं पडायला सुद्धा वेळ मिळत नाही, हिरवं झाडच लुळं पडतं. आजच मान टाकलेलं झाड उपटा, जमिनीलगतचा दोनतीन इंच खोडाचा तुकडा धुऊन कापा आणि ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात वरून लटकत धरा, हलवू नका. जिवाणू असतील तर पाचेक मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखा पांढरा दोरा खाली उतरायला लागतो, अगरबत्तीचा धूर उलटा केल्यासारखा. तो दोरा म्हणजे नुसते जिवाणू आणि त्यांचा चिकट द्रव. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दहा मिनिटं ग्लासासमोरनं हललो नव्हतो.

आता औषध का नाही ते. याचं नाव राल्स्टोनिया. मुळावरच्या जखमेतून किंवा नवीन उपमूळ फुटतं त्या फटीतून तो आत शिरतो आणि सरळ झाडाच्या पाण्याच्या नळ्यांत जाऊन बसतो. तिथं एका ग्रॅम खोडात त्याची संख्या अब्जाच्या घरात जाते, नळ्या चिकटपणानं तुंबतात आणि पायाशी पाणी असून झाड तहानेनं मरतं. तुम्ही पानावर फवारता, तो नळीत बसलाय. कॉपरचं ड्रेंचिंग केलं, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतलं, तर वरच्या मातीतले थोडे मरतात, खोल मातीतले तसेच राहतात, बांधावरच्या कामोणीसारख्या तणात पण तो राहतोय.

प्रोजेक्टमध्ये माझी एकदा चांगलीच फजिती झालेली, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. टेट्राझोलियम नावाचं रसायन घातलेल्या माध्यमावर, म्हणजे प्लेटमधल्या जिवाणूंच्या खाद्यावर, हा जिवाणू दोन दिवसांत छान वाढतो, रोग करणारा असेल तर पांढरट, पातळ, ओघळणारी वसाहत (जिवाणूंचा पुंजका) आणि मधे गुलाबी ठिपका, दह्यात गुलकंद पडल्यासारखी. मी दर आठवड्याला नवीन प्लेटवर नेऊन नेऊन तो 'ताजा' ठेवत होतो, भारी वाटत होतं. दीड महिन्यानं रोपांना टोचला तर एक रोप मरंना! प्लेट नीट बघितली तर सगळी गडद लाल, कोरडी, बटणासारखी वसाहत झालेली. सरांनी बघितलं आणि नुसते हसले. म्हणाले, आयतं खायला घालून तू त्याला आळशी केलास. हा जिवाणू एकटादुकटा असताना चिकट द्रव बनवायच्या भानगडीत पडत नाही, फक्त पोहतो आणि खातो. गर्दी वाढली की एकमेकांनी सोडलेल्या एका रसायनावरून त्यांना ते समजतं, मग एक मुख्य जनुक कामाला लागतं आणि द्रव तयार व्हायला लागतो. प्लेटवर त्या जनुकाची गरजच नसते, ते बिघडलेले जिवाणूच पुढं जातात. मग ठेवायचा कसा, तर साध्या निर्जंतुक पाण्यात! खायला काही नाही, तरी वर्षानुवर्षं जगतो आणि रोग करायची ताकद पण टिकते.

हे ऐकल्यावर मला आमचं रान आठवलं. आमच्याकडं मर कधीच विखुरलेली नव्हती, वरच्या अंगाच्या एका झाडापासून त्याच सरीत खाली खाली पाण्याच्या मागं गेलेली. वडील म्हणायचे पाणी लागलं जास्त. जास्त लागलं नव्हतं, पाण्यातनं आलं होतं.

संशोधन म्हणाल तर भरपूर झालंय. अमेरिकेत एर्विन स्मिथनं 1896 मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हापासून नावच तीनचारदा बदललं, जुने पेपर शोधताना डोकं फिरतं. 2002 मध्ये याचा सगळा जीनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण संच, वाचून झाला. 2019 मध्ये चीनमधल्या एका गटानं जिवाणू खाणारे विषाणू, म्हणजे फाज, एकत्र करून टोमॅटोची मर 80 टक्क्यांपर्यंत कमी केली, आणि गंमत म्हणजे जे जिवाणू फाजला पुरून उरले ते स्वतःच कमजोर झाले. पण ते दुकानातल्या बाटलीत येईपर्यंत तुमचा प्लॉट थांबणार नाही.

सध्या हातात आहे ते प्रतिकारक वाण आणि कलम. बंगळूरच्या आयआयएचआर या बागायती पिकांच्या संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा मर सहन करणारा हायब्रीड आहे. पण एका भागात टिकलेला वाण दुसऱ्या भागात टिकेलच असं नाही, जिवाणूचे प्रकार वेगळे असतात आणि उष्णता वाढली की प्रतिकार ढिला पडतो, म्हणून आधी दोन सरी लावून बघा. वांग्याच्या प्रतिकारक खुंटावर टोमॅटोचं कलम केलेली रोपं महाग पडतात, पण मर लागलेल्या रानात मला तरी तीच पटतात.

मान टाकलेलं झाड मुळासकट काढून पिशवीत भरून न्या, बांधावर किंवा ओढ्यात टाकू नका. बगलफूट काढताना आजारी सरी शेवटी घ्या. त्या रानात लगेच वांगी, मिरची, बटाटा नको. ऊस, भात, मका यांच्यावर हा जिवाणू मर आणत नाही, आणि कोल्हापुरात ऊस लावा म्हणून सांगायला लागतंय होय!

आधी ग्लास करा, आणि दोरा दिसला की नाही, शिवाय झाडं सरीच्या ओळीनं गेली की विखुरलेली, ते खाली लिहा. दोरा नसेल तर बुरशी नाहीतर सूत्रकृमी बघायला लागतील, मग वरचं बरंचसं तुमच्या कामाचं नाही.