रणगाडा म्हातारा झाला हे कधी समजायचं?

प्रश्न : टी-७२ रणगाडे चार दशकं जुने झाले. तरी त्यांच्यावर खर्च का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती शाखेत, २२ वर्षं पाना धरला, आता कळव्यात राहतो. वय मी विचारतच नाही. सांगाड्याचं पोलाद टिकतं. आधी थकतात इंजिन, वायरिंग, रबरी सील. बेस वर्कशॉपमध्ये, म्हणजे लष्कराच्या मोठ्या दुरुस्ती कारखान्यात, सगळं खोलून, सांगाडा उघडा करून, तडे तपासून पुन्हा बांधतात. टी-७२ चं मूळ इंजिन ७८० अश्वशक्तीचं. १००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. नव्या रणगाड्यापेक्षा हे स्वस्तच. मात्र सुटे भाग मिळेनासे होऊन एक गाडी चालवायला दोन खोलाव्या लागल्या, की संपलं. आमच्या शक्तिमान ट्रकांचं तेच झालं. शेवटी वायपरसुद्धा शेजारच्या गाडीचा!